बेळगावात एलजीबीटी हक्कांच्या संस्थेत कॉलेजची मुलं: काम काय द्यायचं, काय नाही

राकसकोप (धागाकर्ता)

सत्र सुरू झालं की एकेक करून मुलं संस्थेच्या दारात येतात. बहुतेक बी.ए., एमएसडब्ल्यू आणि लॉ, अधूनमधून इंजिनिअरिंगची. उत्साह असतो, पण त्यांच्या हातात द्यायला काम तयार नसतं. मग पोस्टर रंगवायला बसवतात आणि दोन आठवड्यांत निम्मी गळतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत विद्यार्थी स्वयंसेवकाला काय शिकवावं आणि काय अजिबात करू देऊ नये, ते लिहा. 'संवेदनशील राहा' छापाचे सल्ले नकोत, ते पोस्टरवर आधीच आहेत.

सुरुवात मी करतो. पहिले तीन आठवडे तीनच गोष्टी: गुप्तता, हाक मारणं आणि कागद. भाषणं, मोर्चा, इन्स्टाग्राम नंतर.

गुप्तता सगळ्यात आधी, कारण आपलं गाव. अनगोळच्या पोराचा मामा शहापुरात, मामाच्या दुकानात कामाला वडगावचा माणूस, त्याची भाची त्याच कॉलेजात. दोन वाक्यांत ओळख निघते. त्यामुळे नोंदीला दोन वह्या ठेवायच्या. पहिलीत तारीख, क्रमांक (समजा ब-१७) आणि कामाचा प्रकार. दुसरीत त्या क्रमांकासमोर नाव आणि फोन. दुसरी वही कुलपात, किल्ली दोघांकडेच. विद्यार्थ्याच्या हाती फक्त पहिली वही.

आणि मुलांनी आपल्या मोबाईलमध्ये कुणाचा नंबर 'अमुक ट्रान्स' किंवा 'तमुक गे' असा सेव्ह करायचा नाही. फोन जेवणाच्या ताटाशेजारी पडलेला असतो, वाजला की नाव झळकतं, आणि आई विचारते, "कोण रे हा?"

खानापूरकर

वह्यांचं बरोबर. त्यात व्हॉट्सॲपची भर घालतो, कारण नव्वद टक्के फुटाफूट तिथेच होते (हा माझा अंदाज, सर्व्हे नव्हे).

स्वयंसेवकांचा ग्रुप वेगळा. मदत घ्यायला येणाऱ्यांचा ग्रुप काढायचाच नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि एकानं स्क्रीनशॉट काढला की संपलं. त्यांना निरोप द्यायचा तर ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. मात्र ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. 'मेसेज मिळालाच नाही' ही तक्रार येते ती यामुळे. म्हणून पहिल्या भेटीतच संस्थेचा नंबर सेव्ह करून घ्यायला सांगायचं, आणि कुठल्या नावानं करायचा ते त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. 'झेरॉक्स सेंटर' म्हणून केला तरी चालेल.

परत फोन करायचा झाला तर संस्थेच्या फोनवरूनच. पलीकडे दुसऱ्या कुणी उचलला तर संस्थेचं नाव घ्यायचं नाही, खोटी ओळखही द्यायची नाही. "बरं, नंतर करतो" म्हणून ठेवायचा. मुलं घाबरून 'बँकेतून बोलतोय' असं काहीतरी ठोकतात, मग घरचे उलट फोन लावून चौकशी करतात.

निपाणी_नाका

हाक मारण्याबद्दल. आपल्या भाषेची यात मोठी सोय आहे आणि मोठी अडचणही.

सोय अशी, की 'तुम्ही' म्हटलं की क्रियापदातून लिंग गळून जातं. "कधी आलास?" किंवा "कधी आलीस?" यात तुम्ही समोरच्याला एका बाजूला ढकललेलंच असतं. "कधी आलात?" यात नाही. म्हणून पहिल्या भेटीत वय काही असो, अरेतुरे नाही. नंतर विचारायचं, "काय म्हणून हाक मारू?" कन्नड बोलणारं कुणी असेल तर "निम्मन्न एनंत करीलि?" तिथेही 'बंदा', 'बंदळु' टाळून आदरार्थी 'बंद्रु' वापरलं की प्रश्न मिटतो.

अडचण पुण्या-मुंबईहून शिकून आलेल्या प्रशिक्षकांची. ते सांगतात, माणूस स्वतःबद्दल 'आलो' म्हणतो की 'आले' म्हणते ते ऐका आणि तसं बोला. इकडं ते चालत नाही. बेळगाव, कोल्हापूर भागात बायका-पोरीही सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. त्यावरून निष्कर्ष काढला तर निम्मं शहापूर चुकीच्या रकान्यात जाईल. विचारायचं, ऐकून ताडायचं नाही.

नोंदीच्या कागदावर श्री, सौ, कुमारी छापूच नका. 'कागदावरचं नाव' आणि 'हाक मारायचं नाव' असे दोन रकाने, आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: 'घरी किंवा फोनवर कुठलं नाव घ्यायचं'. हा तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो.

कुंदा_आणि_फुटाणे

शब्दांचं काय? मुलं 'एलजीबीटीक्यूआयए प्लस' पाठ करून येतात आणि समोरच्या माणसाला त्यातलं एक अक्षर कळत नाही.

निपाणी_नाका

@कुंदा, माणूस स्वतःला जे म्हणतो तेच. सरकारी कागदावर मराठीत 'तृतीयपंथी', बोलण्यात 'किन्नर', नव्या लिखाणात 'पारलिंगी'. कन्नडमध्ये 'लिंगत्व अल्पसंख्यातरु', आणि आदरानं 'मंगळमुखी'. 'हिजडा' हा शब्द त्या जमातीतल्या काहींना अभिमानाचा आहे, पण तो त्यांनी म्हणायचा. स्वयंसेवकाच्या तोंडी तो शिवीच ऐकू येतो.

आणि सौंदत्तीमुळे (यल्लम्मादेवीचं ठिकाण) एक खास गोष्ट. जोगप्पा, जोगती (देवीला वाहिलेली माणसं) म्हणजे आपोआप ट्रान्सजेंडर असं समीकरण मांडू नका. यल्लम्माला वाहिलेली ओळख धार्मिक आहे. लोककलावंत मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाल्यापासून मुलांना तो शब्द माहीत झालाय, पण काही जोगप्पा स्वतःला ट्रान्स म्हणवतात, काही अजिबात नाही. फॉर्म भरताना त्यांच्या वतीनं रकाना निवडायचा नाही. देवदासी प्रथेवर कर्नाटकात १९८२ चा बंदी कायदा आहे, त्यामुळे 'तुम्हाला देवीला कधी सोडलं?' असा प्रश्न वहीत लिहून घेणं म्हणजे त्या माणसाला पोलिसांची भीती घालणं. जत्रेत परडी किंवा 'जग' (देवीचा मुखवटा बसवलेली, डोक्यावर घ्यायची टोपली) दिसला की मुलांचे मोबाईल वर होतात. तेही बंद.

नाडकचेरी_फेरी

आता कागद. इथं विद्यार्थी खरोखर उपयोगी पडतात, आणि इथंच सगळ्यात जास्त नुकसान करतात.

तृतीयपंथी ओळखपत्राचा पाया म्हणजे तृतीयपंथी ओळखीला मान्यता देणारा २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल, २०१९ चा कायदा (१० जानेवारी २०२० पासून लागू) आणि २०२० चे नियम. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाईन, दाखला देणार जिल्हाधिकारी, म्हणजे आपल्याकडचे डीसी. २०२० च्या मूळ नियमांत अर्जासोबत प्रतिज्ञापत्र मागितलं होतं, वैद्यकीय तपासणी नव्हती, आणि मुदत ३० दिवसांची होती. पण पहिला नियम हा, की गेल्या वर्षीची भरलेली झेरॉक्स 'नमुना' म्हणून वापरायची नाही. कायदा आणि अर्ज दोन्ही बदलू शकतात. बसल्या दिवशी पोर्टलवर जो मजकूर आहे तो वाचून मगच पेन उचलायचं.

नेहमी चुकतं ते असं.

खातं उघडताना घाईत स्वयंसेवक आपला मोबाईल नंबर टाकतो, कारण समोरच्याकडे ई-मेल नसतो किंवा नेट संपलेलं असतं. पुढचा प्रत्येक ओटीपी त्या मुलाला. मुलगा पास होऊन पुण्याला जातो, सिम बदलतो आणि अर्ज लटकतो. नंबर अर्जदाराचाच. ई-मेल नसेल तर त्याच्या फोनवर, त्याच्यासमोर उघडायचा, पासवर्ड त्याच्या हातानं. १० मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

प्रतिज्ञापत्राच्या ई-स्टॅम्पवर पहिल्या पक्षाचं नाव छापून येतं. तिथं कागदावरचं नाव आणि आत प्रतिज्ञापत्रात नवं नाव, असं झालं की क्लार्क परत पाठवतो. 'जुने नाव अमुक, आता तमुक नावाने ओळखली जाणारी व्यक्ती' असं दोन्ही नावांचं वाक्य आत हवं, आणि स्टॅम्पवर आधारवरचं नाव, स्पेलिंगसकट. पाटीलचे चार स्पेलिंग असतात. त्यात मराठी नाव कन्नडमध्ये आणि कन्नडवरून पुन्हा इंग्रजीत गेलं की कुणाचंही काहीही होतं.

राहण्याची अट: ज्या जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज, त्या हद्दीत सलग एक वर्ष वास्तव्य. चंदगड-गडहिंग्लजहून शिकायला आलेल्या मुलांचा घोळ इथं होतो. बेळगावात भाड्याच्या खोलीत वर्षभर सलग राहत असेल आणि पुरावा असेल तर इथं, नाहीतर कोल्हापूर. पोर्टल एकच असल्यानं 'कर्नाटकचा फॉर्म वेगळा' असं काही नसतं. जिल्हा निवडण्यापूर्वी विचारायचं, की त्या पत्त्यावर कुणी चौकशीला आलं तर चालेल का? नसेल चालत तर थांबायचं.

रेल्वेगेट

@नाडकचेरी_फेरी, आधार आधी बदलायचा की दाखला आधी? इथं प्रत्येक जण वेगळं सांगतो.

नाडकचेरी_फेरी

दाखला आधी, मग आधार, मग पॅन, मग बँक. कारण आधारमध्ये लिंगाची नोंद आयुष्यात एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. ज्यानं उत्साहात आधी लिंग 'स्त्री' करून घेतलं आणि नंतर दाखला 'ट्रान्सजेंडर' म्हणून आला, त्याचे दोन कागद कायमचे भांडत बसतात. माणूस स्वतः काय ठरवतोय ते ठरू द्या, तोवर आधारला हात लावू नका. पॅनच्या अर्जात २०१८ पासून ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे.

गुरूच्या (जमातीतल्या वडीलधाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीच्या) घरात राहणाऱ्यांकडे पत्त्याचा पुरावाच नसतो, नाव अजून माहेरच्या रेशनकार्डात. आधारसाठी यूआयडीएआयचं (आधार देणारी सरकारी संस्था) ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, राजपत्रित अधिकाऱ्याची सही घेऊन. ते तीन महिनेच चालतं, म्हणून सही मिळाली की त्याच आठवड्यात केंद्र गाठायचं. फोटोवर सही आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. हे चुकलं म्हणून पुन्हा त्याच साहेबाकडं जाणं किती अवघड असतं ते वेगळं सांगायला नको.

बाकी तृतीयपंथींसाठी कर्नाटक सरकारची 'मैत्री' पेन्शन, वय २५ ते ६४, अर्ज नाडकचेरीत (होबळीच्या महसूल कार्यालयात). राज्याच्या सरकारी भरतीत १ टक्का समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण २०२१ पासून आहे, त्याला दाखला लागतो. मुलांनी एवढं तोंडपाठ ठेवावं.

खानापूरकर

शक्ती योजनेचंही सांगा त्यांना. जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांबरोबर तृतीयपंथी व्यक्तींनाही शून्य तिकीट आहे. राजहंस, स्लीपर, एसीत नाही. कंडक्टर ओळखपत्र बघतो, पत्ता कर्नाटकचा लागतो. चंदगडचं आधार दाखवून वाद घालायला मुलांनी कुणाला पाठवू नये, कंडक्टर नियमानंच बोलत असतो.

रेल्वेगेट

कॉलेजातल्या कार्यक्रमाबद्दल कुणी लिहील का? आमच्याकडच्या मुलांना तेच करायचं असतं.

मार्कंडेय_काठ

४५ मिनिटांचा तास मिळतो असं धरा. २० मिनिटं बोलणं, २५ मिनिटं प्रश्न. उलटं केलं की फसतं.

'कुणाला प्रश्न आहेत?' म्हणून हात वर करायला लावू नका. जो हात वर करतो त्याच्याकडं सगळा वर्ग वळून बघतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं नाव पडतं. एकसारख्या चिठ्ठ्या आणि एकाच रंगाची पेनं वाटा. प्रत्येकानं लिहायचंच, प्रश्न नसेल तर 'प्रश्न नाही' एवढं लिहून घडी घालायची. सगळ्यांची पेनं हलली पाहिजेत. ६० चिठ्ठ्यांत खरे प्रश्न १०-१२ निघतात, पुरेत. चिठ्ठ्या वर्गाबाहेर नेऊन फाडायच्या, कारण शिक्षक अक्षर ओळखतात.

कायद्याचा भाग पाच मिनिटांत: ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत ते कलमच नाही. समलिंगी लग्नाला मान्यता नाही (१७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल). 'उपचार करून बदलतो' म्हणणाऱ्या डॉक्टरला २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं गैरवर्तनाच्या यादीत घातलंय. आणि विद्यार्थ्यांच्या थेट कामाचं: यूजीसीच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर लैंगिक कल किंवा लिंगओळखीवरून चिडवणं, छळणं हेही रॅगिंगच. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२. हे शेवटचं ऐकलं की मागच्या बाकावरचं हसू थांबतं.

आता फोटो. कॉलेजच्या एनएसएस प्रोग्रॅम ऑफिसरला नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन) फाईलसाठी जिओटॅग फोटो लागतोच, त्यात त्यांचा दोष नाही. पण त्या फोटोत ऐकायला आलेली मुलं समोरून दिसली की ती कायमची फाईलमध्ये गेली. पर्याय: मुलं यायच्या आधी रिकामा हॉल आणि बॅनर, नंतर व्यासपीठावरून फक्त पाठमोरे स्वयंसेवक आणि पत्रकांचं टेबल. जिओटॅग त्यावरही येतो. हे पत्रातच आधी लिहून द्यायचं, हॉलमध्ये वाद नको.

कुंदा_आणि_फुटाणे

परवानगीच्या पत्रात विषय काय लिहायचा? 'लिंगभाव समानता' लिहिलं तर लगेच मिळते. 'समलिंगी' लिहिलं की 'मॅनेजमेंटला विचारतो'.

मार्कंडेय_काठ

'लिंगभाव समानता आणि रॅगिंगविरोधी नियम' असं लिहा आणि खाली मुद्द्यांत स्पष्ट लिहा. शीर्षक सौम्य, मजकूर खरा.

राकसकोप

@मार्कंडेय, इथं माझं वेगळं मत आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं प्राचार्य वाचत नाहीत, आणि कार्यक्रमानंतर पालकाचा फोन आला की 'आम्हाला फसवलं' म्हणतात. मग ते कॉलेज पाच वर्षं बंद. त्यापेक्षा विषय उघड लिहावा, तीन कॉलेजांनी नाही म्हटलं तरी चौथं मिळतं.

मार्कंडेय_काठ

चौथं मिळेपर्यंत सत्र संपतं. शिवाय तालुक्याच्या गावी कॉलेजं मोजकीच. यावर आपलं एकमत होणार नाही.

हलशी

बॅनर आणि पत्रकं. संस्थेच्या फलकावर वरच्या बाजूला आणि ६० टक्के कन्नड, हा २०२४ पासूनचा नियम. कार्यक्रमाच्या बॅनरलाही तोच हिशोब लावून टाका. कन्नड-मराठी दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते बॅनरवरून यायला लागले की ज्या माणसासाठी बॅनर लावला तो गल्लीतूनच परत फिरतो. सीमाप्रश्न ज्याच्या त्याच्या जागी.

पत्रक मात्र एकाच कागदावर दोन भाषांत कोंबू नका. अक्षर इतकं बारीक होतं की कुणीच वाचत नाही. कन्नड वेगळं, मराठी वेगळं, ए-५ आकार, घडी घालून शर्टाच्या खिशात मावेल असं. बाहेरच्या बाजूला इंद्रधनुष्य, संस्थेचं नाव काही नको, फक्त 'मोफत कायदा सल्ला'. आत सगळं. इंद्रधनुष्याचं पत्रक खिशात घेऊन घरी जाता येत नाही, ते बसस्टँडवरच्या कचऱ्याच्या डब्यात जातं.

माघी पौर्णिमेला सौंदत्तीत वाटायचं असेल तर मराठी पत्रकं कमी नेऊ नका, कोल्हापूर-सांगलीकडची माणसं मोठ्या संख्येनं असतात. भाषांतर मुलांनीच करावं, पण मंगळमुखींपैकी कुणीतरी मोठ्यानं वाचून बघितल्याशिवाय छापायला द्यायचं नाही. 'लैंगिक अभिमुखता' वाचताना जीभ अडखळली की तो शब्द काढायचा.

रेल्वेगेट

आणि संकटाचे फोन? घरातून पळालेली जोडपी, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा वगैरे.

खानापूरकर

विद्यार्थ्यानं एकट्यानं फोनला बसायचंच नाही. दोघं, आणि एक जुना माणूस त्याच खोलीत. जिवाची भाषा आली तर फोन चालू ठेवून चिठ्ठी लिहून जुन्या माणसाला द्यायची. टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन) १४४१६ चा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात, शेजारी ११२. 'असं बोलू नको रे' म्हणायचं नाही. 'आत्ता जवळ कोण आहे?' हे विचारायचं.

समोरचा १८ च्या आत असेल तर 'कुणाला सांगणार नाही' हे वचन द्यायचं नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सोच्या (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. हे संभाषणाच्या सुरुवातीलाच सांगायचं, त्यानं सगळं बोलून झाल्यावर नाही. १०९८ (चाइल्डलाईन) ला लावून द्यायचं.

सज्ञान जोडपं आलं तर मुलांनी त्यांना आपल्या खोलीवर न्यायचं नाही, गाडीवरून सोडायचं नाही. गडहिंग्लजला बेपत्ताची तक्रार आणि माणूस बेळगावात, अशा वेळी ज्याच्या गाडीवर दिसला त्याला आधी ठाण्यात बसवतात. वयाचा पुरावा बघायचा, 'मी स्वतःच्या इच्छेने आलो/आले' असं त्यांच्या हस्ताक्षरात तारीख-वेळेसह घ्यायचं, आणि वकिलाला फोन. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१००. स्वयंसेवकाचं काम इथं संपतं.

कुंदा_आणि_फुटाणे

शेवटचा प्रश्न, एनएसएसच्या तासांचा. वर्षाला १२० तास भरायचे असतात, संस्थेचं प्रमाणपत्र चालतं. पण त्यावर संस्थेचं नाव आलं की घरी भिंतीवर लावता येत नाही, आणि नोकरीच्या फाईलमध्येही काहींना नको असतं.

राकसकोप

दोन प्रती द्यायच्या. कॉलेजला संस्थेच्या लेटरहेडवर, तास आणि तारखांसह, थेट प्रोग्रॅम ऑफिसरच्या हातात. मुलाला वेगळी, त्यावर 'कायदा साक्षरता आणि कागदपत्र सहाय्य, अमुक तास' एवढंच, ट्रस्टच्या नोंदणीकृत नावानं. नोंदणीचं नाव बहुतेक वेळा साधंच असतं. तासांची वही रोजच्या रोज सही करून घ्या. मार्चमध्ये एकदम १२० तासांवर सह्या मागायला आलेल्या मुलाला कुणी काही देऊ नये.

@हलशी, पत्रकाचा मराठी मसुदा इथं टाकता का? 'अभिमुखता' काढून काय घातलंय ते बघायचंय.

हलशी

'लैंगिक कल'. त्याच्याखाली एका ओळीत: 'कुणाकडं ओढ वाटते ते'. बाकी मसुदा संध्याकाळी टाकतो, 'प्रतिज्ञापत्र' या शब्दावर अजून अडलंय. लोक 'ॲफिडेव्हिट'च म्हणतात.